राजवाडा पाहताना पाण्याचं विचारा



सहल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? कॅलेंडरवरचा जयपूरचा हवामहल, जोधपूरचा किल्ला, जैसलमेरची वाळू आणि तिच्यावरून चाललेली उंटांची रांग. आमच्या बचत गटात सहलीचा विषय निघाला तेव्हाही पहिलं नाव राजस्थानचंच आलं. मग हिशेब मांडला. रेल्वे, मुक्काम, जेवण हे तर झालंच, पण आठ दिवस गुरांना वैरण कोण टाकणार, पोरांचे डबे कोण करणार, सासूबाईंच्या गोळ्या वेळेवर कोण देणार, हेही त्याच कागदावर लिहिलं. शेवटी ठरलं की राजस्थान सोडायचं नाही, पण आधी आपल्याच सातारा-सांगलीतले राजवाडे आणि आपलंच वाळवंट बघायचं. वर्षभर महिन्याच्या बचतीखेरीज शंभर-शंभर रुपये वेगळे ठेवले, एक गाडी ठरवली आणि चार दिवसांसाठी चौदाजणी बाहेर पडलो.

आजच्या कार्यक्रमात त्या चार दिवसांत जो इतिहास हाती लागला, तो आपल्याला सांगायचा आहे.

आधी एक गोष्ट. आपल्या आज्या, पणज्या फिरल्या नाहीत असं नाही. त्या माहेरी गेल्या, जत्रेला गेल्या, पंढरीच्या वारीला गेल्या. पोटासाठी ऊसतोडीला गेल्या, दुष्काळात कामावर गेल्या. पण नुसतं ‘बघायला’ जाणं त्यांच्या वाट्याला आलं नाही. जयपूरचा हवामहल १७९९ साली बांधला, त्याला ९५३ खिडक्या आहेत. राजघराण्यातल्या बायकांनी जाळीआडून रस्त्यावरची मिरवणूक बघावी आणि त्या मात्र कुणाला दिसू नयेत, म्हणून ती योजना. म्हणजे राणीला बघायला मिळे ते जाळीतून. कष्टकरी बाईला जाळी नव्हती, पण थांबून बघायला फुरसत कुठं होती? त्यामुळे आमच्या चौदाजणींना घरातून ‘देवाला चाललाय का?’ असं विचारलं आणि आम्ही ‘नाही, राजवाडे बघायला’ म्हणालो, तेव्हा काही घरी चार दिवस चर्चा झाली. देवाला जायचं म्हटलं असतं तर झाली नसती.

आमच्या गटातल्या निम्म्याजणींचं माहेर माणदेशातलं आणि सासर कृष्णाकाठचं. त्यातल्या सगळ्यांत वयस्कर मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, “एवढा मोठा वाडा, माणसं, घोडी, हत्ती. ह्यांना पाणी कुठनं यायचं?” लहानपणी मैलभरावरून कळशा वाहिलेल्या बाईला हाच प्रश्न सुचणार. त्या एका प्रश्नाचे पुढे तीन झाले. पाणी कुठून आलं? ते कुणी आणलं? आणि मिळालं कुणाला? आम्ही प्रत्येक ठिकाणी हे तीन प्रश्न विचारत गेलो आणि इतिहास वेगळाच दिसायला लागला.

तसा या मुलखाचा सगळा इतिहास पाण्याच्या वाटणीचाच आहे. महाबळेश्वराला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कृष्णा, कोयना, वेण्णा तिथूनच निघतात. त्याच सातारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, माण तालुक्यात, पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष चांगलं गेलं म्हणतात. ढग सह्याद्रीला अडतात, तिथंच रिते होतात आणि पुढं माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतपर्यंत नुसता वारा पोचतो. म्हणून राजधान्या नदीकाठाला झाल्या.

साताऱ्यापासून सुरुवात करू. १७०८ च्या जानेवारीत थोरल्या शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि सातारा मराठी राज्याची राजधानी झाली. पण त्याआधीची सात-आठ वर्षं हे राज्य टिकवलं ते महाराणी ताराबाईंनी. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीत होत्या. समोर खुद्द औरंगजेब आणि त्याची अफाट फौज. तो १७०७ साली अहमदनगरजवळ मेला, पण त्याला हे राज्य घेता आलं नाही.

आणि शाहू महाराजांच्या मातोश्री येसूबाई? संभाजी महाराजांच्या हत्येनंतर १६८९ साली रायगडाला वेढा पडला. राजारामांनी निसटावं आणि राज्य चालू ठेवावं असा सल्ला त्यांनी दिला. आपण मात्र लेकराला घेऊन मागं राहिल्या आणि कैदेत गेल्या. शाहू १७०७ साली सुटले, पण येसूबाईंना मोगलांनी ओलीस ठेवून घेतलं. त्या साताऱ्याला आल्या त्या १७१९ साली. तीस वर्षं! आपल्यातल्या कुणी लग्न होऊन आल्यापासूनची तीस वर्षं मोजून बघा, म्हणजे हा आकडा केवढा आहे ते कळेल.

कृष्णा आणि वेण्णा जिथं मिळतात त्या संगम माहुलीला राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्या आहेत. ताराबाईंची समाधी तिथंच. येसूबाईंची नेमकी कोणती, याचा मात्र जुन्या कागदांवरून शोध घ्यावा लागला, तोही अगदी अलीकडे. तीस वर्षं कैद भोगलेल्या महाराणीची जागासुद्धा लोकांच्या लक्षातून जाते, मग तुमची-आमची काय कथा, असं एकजण म्हणाली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

माहुलीहून आम्ही लिंबला गेलो. साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, महामार्गापासून थोडं आत हे गाव आहे. तिथं बारा मोटांची विहीर आहे. ज्यांनी बघितली नसेल त्यांनी या वर्षी बघाच. आपल्याला विहीर म्हणजे कठडा आणि रहाट माहीत. इथं आधी जमिनीखाली उतरणारा ऐसपैस जिना लागतो, मग दगडी कमान, मग अष्टकोनी विहीर, सुमारे ५० फूट रुंद आणि ११० फूट खोल. आणि विहिरीच्या पोटातच एक लहानसा महाल. खांबांवर कोरीव काम, बसायला दगडी जागा, उन्हाळ्यात गारवा. वर एका वेळी बारा मोटा चालतील अशी सोय. भोवती आमराई होती, तिला हे पाणी जायचं.

ही विहीर बांधली वीरूबाई भोसले यांनी. शाहू महाराजांच्या वाड्यात त्यांना मोठा मान होता. १७१९ ते १७२४ या काळात हे काम झालं आणि शिलालेखात त्यांचं नाव आहे. मैत्रिणींनो, येसूबाई कैदेतून परत आल्या त्याच साली या विहिरीचं काम सुरू झालं. किल्ल्यांच्या दारांवर बाईचं नाव कोरलेलं आम्ही कुठं बघितलं नाही. पाण्याच्या दारावर मात्र ते आहे.

राजस्थानातही असंच आहे. बुंदी शहरात राणीजी की बावडी म्हणून पायऱ्यांची मोठी विहीर आहे, ती १६९९ साली राणी नाथावतीजींनी बांधली. अहिल्याबाई होळकरांनी तर देशभर घाट, विहिरी, बारवा बांधल्या. हातात सत्ता किंवा पैसा आला की बाईला आधी पाणी आठवतं. कारण राणी असली तरी तिच्या भोवती पाणी वाहणाऱ्या बायकाच असतात, आणि पाणी संपलं की काय होतं ते वाड्याच्या आत आधी कळतं.

साताऱ्याच्या राजवाड्याकडे परत येऊ. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी साताऱ्याची गादी प्रतापसिंह महाराजांना दिली. १८२४ च्या सुमारास त्यांनी शहरात राजवाडा बांधला. रस्ते केले, शाळा काढली, पाण्याची सोय वाढवली. महाराज आपल्या मताने चालतात हे इंग्रजांना खपलं नाही. १८३९ साली त्यांना पदावरून काढून काशीला पाठवलं, तिथंच १८४७ साली ते वारले. त्यांच्यावरचा अन्याय सांगायला रंगो बापूजी विलायतेला जाऊन बारा-तेरा वर्षं धडपडले, उपयोग झाला नाही. धाकटे भाऊ शहाजी महाराज गादीवर बसले, १८४८ साली तेही गेले, आणि दत्तक वारस नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केलं. झाशीच्या आधी सहा वर्षं हा वार साताऱ्यावर झाला.

राजा गेला, पण वाडा राहिला आणि त्यात सरकारी शाळा भरू लागली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेच्या हजेरीपटावर एक नाव चढलं, भिवा रामजी आंबेडकर. तोच दिवस आता आपल्या राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. भिवाची आई भीमाबाई चार वर्षांपूर्वीच, १८९६ साली, साताऱ्यात वारली होती. तिची समाधी शहरातच आहे, आम्ही तिथं फुलं वाहिली.

आता तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. पाणी मिळालं कुणाला? बाबासाहेबांनी १९०१ सालची एक हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे. त्यांचे वडील तेव्हा खटाव तालुक्यात कारकून होते. दुष्काळाने माणसं मरत होती म्हणून सरकारने तिथं तलाव खोदायचं काम काढलं होतं, त्या कामावर ते पैशाचा हिशेब बघत. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांना भेटायला ही मुलं साताऱ्याहून निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कुणी आलं नव्हतं. जात कळल्यावर गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एकजण तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. शिदोरी बरोबर होती, पण पाणी कुणी देईना. रात्रभर त्या मुलांनी तहानलेल्या पोटी घास गिळला नाही.

बघा कसं आहे. बाप दुष्काळातल्या लोकांसाठी तळं खोदायच्या कामावर, आणि त्याच तालुक्याच्या वाटेवर त्याच्या लेकरांना घोटभर पाणी नाही. म्हणून सांगतो, विहीर कितीही देखणी असली तरी तिच्यापाशी हा तिसरा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. याच सातारा जिल्ह्यात नायगावला जन्मलेल्या सावित्रीबाई आणि मूळच्या कटगुणच्या घराण्यातले जोतीराव यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो याच प्रश्नाचं उत्तर म्हणून.

दुसऱ्या दिवशी औंध. फक्त ७२ गावांचं हे संस्थान, तेही तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेलं. थोडं औंधला, थोडं कुंडलला, थोडं आटपाडीला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेले. त्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उघडलं. राजा रविवर्म्यांची चित्रं तिथं आहेत. परदेशी शिल्पकार हेन्री मूर यांचं आई आणि मुलाचं दगडी शिल्पही आहे. त्याला नाकडोळे धड नाहीत, पण मूल आईला कसं बिलगलंय ते बरोबर कळतं. आमच्यातल्या दोघी त्याच्यापाशी बराच वेळ उभ्या होत्या.

पण औंधचं खरं नवल संग्रहालयाच्या बाहेर आहे. इतर संस्थानांत प्रजा हक्कांसाठी भांडत होती तेव्हा या राजाने १९३९ च्या जानेवारीत राज्यकारभार लोकांच्या हाती देणारी घटना लागू केली. तिला महात्मा गांधींचा सल्ला होता. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि भारतानंद या नावाने ओळखले जाणारे पोलंडचे मॉरिस फ्रिडमन यांनी त्यासाठी मेहनत घेतली. पाया होता गावपंचायतीचा. गावाने पंच निवडायचे, त्यांच्यातून तालुका पंचायत, आणि वर विधिमंडळ. आपण महिन्याच्या बैठकीत सह्या करून गटाचा ठराव करतो, तेव्हा तो कारभार आपल्याला नवा वाटतो. औंधच्या गावांनी स्वातंत्र्याच्या आठ वर्षं आधी त्याची चव घेतली होती.

तिसऱ्या दिवशी आमचं ‘वाळवंट’ आलं. दहिवडीच्या पुढं बाभळी, माळ, मेंढरं आणि उघडे डोंगर. शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाचं दर्शन घेतलं. डोंगराखालचं मोठं तळं शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी बांधलं. यात्रेला येणाऱ्या लोकांचे पाण्यावाचून हाल होत, म्हणून. स्वराज्याच्या आधीच्या पिढीनेही इथं तळंच बांधून ठेवलं.

पुढं म्हसवडचा सिद्धनाथ, आणि तिथून सातारा-सांगलीच्या हद्दीवरचा राजेवाडीचा तलाव. माण नदीवर घातलेला हा बांध इंग्रजांच्या काळातला. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात लोकांना काम द्यायला हे काम निघालं. आता जोधपूरची आठवण काढू. तिथला उमेदभवन हा भव्य राजवाडाही दुष्काळी कामच. १९२९ साली सुरू झाला, १९४३ साली पुरा झाला, तीनेक हजार माणसांना त्यावर काम मिळालं. कॅलेंडरवर तो राजवाडा छापतात. आमचा राजेवाडीचा बांध कुणी कॅलेंडरवर छापत नाही, पण तो अजून रानं भिजवतो. दुष्काळात काम काढायचंच असेल तर महाल काढावा की तळं काढावं, हे तुम्हीच ठरवा.

त्या काळच्या दुष्काळी कामावर बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी मिळायची. तिने टोपली तेवढीच वाहिली, ऊन तेवढंच सोसलं, दाम कमी. हा फरक मोडायला शंभर वर्षं लागली. वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातले. मागेल त्याला काम ही त्यांची कल्पना. तिचा पहिला प्रयोग विसापूरला झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उपयोगी पडली, १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला, आणि पुढं देशाच्या रोजगार हमीला तिचाच आधार मिळाला. या कामावर बाई आणि पुरुष यांना एकाच दराने दाम, हे तत्त्व ठरलं.

बहात्तरच्या दुष्काळाचं नाव काढलं की आमच्या मावशी गप्प होतात. त्या वेळी त्या नवी नवरी होत्या. सासूबरोबर खडी फोडायला गेल्या. कामावर सुकडी मिळायची, रेशनला परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, असं किती काम त्या वर्षी झालं. एका पाझर तलावाच्या भरावावर आम्ही उभ्या होतो. मावशी म्हणाल्या, “हितली माती आमच्या डोक्यावनं आलीया.” आम्ही पाटी शोधली. तलावाचं नाव होतं, खात्याचं होतं. भराव कुणी घातला त्यांचं एकही नाव नव्हतं.

तिथं आम्हाला लिंबची विहीर आठवली. वीरूबाईंचं नाव तीनशे वर्षं दगडात टिकलं, कारण त्या वाड्यातल्या होत्या. त्या विहिरीचा दगड ज्यांनी वाहिला, चुना ज्यांनी मळला, त्यात बायका असणारच. त्यांची नावं कुठं आहेत? तीनशे वर्षांपूर्वीची आता मिळायची नाहीत. पण बहात्तर सालची अजून मिळतील. त्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या ओसरीवर बसल्या आहेत.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानातच १९३९ साली सुरू झालेली ही कैद्यांची मोकळी वसाहत. कैद्यांनी बेडीशिवाय राहायचं आणि शेती पिकवायची. यावरूनच ग. दि. माडगूळकरांची कथा घेऊन व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा काढला. माडगूळकर बंधू याच मुलखातले. धाकट्या व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’ लिहून इथली माणसं सगळ्या महाराष्ट्राला दाखवली.

आटपाडीला आणखी एक गोष्ट कळून घ्यावी. इथं १९९३ पासून दरवर्षी पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्यासारखी माणसं पुढं होती, आणि मागं तेरा दुष्काळी तालुक्यांतल्या बाया-बापड्या. मागणी साधी, पाणी सगळ्यांना समान न्यायाने मिळावं. राजांच्या काळात तळं बांधणं हे पुण्य होतं, राजाच्या मर्जीवर होतं. इथं लोक म्हणाले, हा आमचा हक्क आहे. आज कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून डोंगर चढवून या भागात आणलं जातं. ते सगळ्या वाड्यावस्त्यांना, भूमिहीन बाईलाही मिळतं का, हा प्रश्न अजून उभा आहे. तो आता ग्रामसभेत विचारायचा असतो.

चौथ्या दिवशी विट्यावरून खाली उतरलो आणि डोळ्यांना हिरवं दिसायला लागलं. वाटेत किर्लोस्करवाडी लागते. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराचा कारखाना उभा केला. त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली ‘स्त्री’ हे मासिक निघालं. तुमच्या हातात आज हे मासिक आहे, त्याच्या आज्या-पणज्यांपैकी ती एक समजा.

शेवटी सांगली. १८०१ च्या सुमारास मिरजेपासून वेगळं होऊन चिंतामणराव पटवर्धनांनी इथं राजधानी केली. गणपतीचं देऊळ आणि गणेशदुर्ग ही त्यांची खूण. त्यांच्याच सांगण्यावरून १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला आणि मराठी नाटक सुरू झालं. नाटक सीतेच्या स्वयंवराचं, पण सीतेचं सोंग घेतलं पुरुषाने. बाईने रंगमंचावर यायचं नाही, असाच तो काळ. आज तुम्ही-आम्ही रेडिओवर बोलतो, आपला आवाज वाडीवाडीवर ऐकू येतो, त्याची किंमत सांगलीत उभं राहिल्यावर समजते.

आणि पाणी? सांगलीला पाण्याची वाण नाही, उलट भीती आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, शहराच्या पेठांत होड्या चालल्या. त्याच महिन्यात, त्याच जिल्ह्याच्या जत, आटपाडी भागात टँकर चालू होते. आमच्या गटातल्या एकीच्या सासरच्या घरात तेव्हा कमरेइतकं पाणी होतं आणि माहेरी प्यायला नव्हतं. राजधान्या गेल्या, संस्थानं १९४८ साली विलीन झाली, पण पाण्याची वाटणी अजून व्हायची आहे.

मैत्रिणींनो, सहलीचा खर्च वाया गेला का, असं आम्हाला परत आल्यावर विचारलं. आम्ही सांगितलं, चार दिवसांत आम्हाला सातशे मिनिटांचं भाषण ऐकून कळलं नसतं एवढं कळलं, कारण पायांनी गेलो. तुम्हीही जा. सगळं एकदम जमलं नाही तर एकच दिवस, लिंब आणि माहुली करा. नाहीतर म्हसवड आणि राजेवाडी. फलटणला जा, शिवरायांच्या पहिल्या राणीसाहेब सईबाईंचं ते माहेर. मुक्कामाला त्या गावच्या गटाला आधी कळवा. आम्ही दोन रात्री अशाच काढल्या. त्यांची भाकरी खाल्ली, आमचा हिशेब त्यांना दाखवला, त्यांचा आम्ही बघितला. गटाच्या कर्जातून सहल करू नका, वर्षभर वेगळे पैसे साठवा. राजस्थानला जाणार असलात तरी हे तीन प्रश्न पिशवीत घेऊन जा, तिथल्या बावड्यांना तेच विचारा.

आणि एक काम या महिन्याच्या बैठकीतच सुरू करा. एक वही घाला. पहिल्या पानावर आपल्या गावच्या शिवारातल्या विहिरी, बारवा, तळी, पाझर तलाव यांची नावं लिहा. प्रत्येकाखाली ते कोणत्या साली झालं आणि त्यावर गावातल्या कोण कोण बायका राबल्या, त्यांची नावं लिहा. नवऱ्याच्या नावाने ‘अमक्याची बायको’ असं लिहू नका. तिचं स्वतःचं नाव विचारा. माहेरचं गाव विचारा. काय मजुरी मिळाली, काय खाल्लं, लेकरू कुठं निजवलं, तेही विचारा. कुणाला पाणी भरायला मज्जाव होता का, हे सुद्धा विचारा आणि ऐकायला कडू वाटलं तरी लिहा.

आमच्या वहीत आजवर एकोणतीस नावं झाली. त्यातल्या दोघी नाव लिहून झाल्यानंतर गेल्या. ग्रामसभेत आम्ही ठराव मांडणार आहोत की तलावाच्या भरावावर एक साधा दगड बसवावा आणि त्यावर ही नावं कोरावीत. मंजूर होईल तेव्हा होईल. वही मात्र कुणाच्या मंजुरीसाठी थांबलेली नाही.